स्त्री-खेळाडूंचे आरोग्य : संशोधन, सहकार्य आणि आपले मौन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन आपले कार्यवाह माझ्या घरी आले, तेव्हा मी संतसाहित्यावर किंवा फार तर ग्वाल्हेरच्या मराठी रंगभूमीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय सांगितल्यावर हातातला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. क्षणभर थांबून म्हणाले, "सर, हा विषय डॉक्टरांचा नाही का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी मराठीचा अध्यापक आहे. वैद्यकाचे शिक्षण मला नाही, आणि मैदानाशी माझा संबंध महाविद्यालयाच्या क्रीडा समितीचा सदस्य एवढाच. तरीही हाच विषय का निवडला, याची दोन कारणे आहेत. एक या नगरीचे आहे आणि एक माझ्या घरचे.

नगरीचे कारण आधी सांगतो. फूलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवरून आपण सारे रोज जातो. १८५८ च्या जूनमध्ये ती तेजस्विनी याच मातीत पडली. पुढे शंभर वर्षे भरत आली तेव्हा, १९५७ साली, तिच्या नावाने येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. आज ते राष्ट्रीय संस्थेच्या रूपात उभे आहे. देशभरातून मुलगे आणि मुली तेथे येतात. २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमीही याच शहरात आहे. म्हणजे मुलींच्या खेळाची एवढी मोठी पेठ आपल्या दाराशी भरलेली आहे, आणि आपल्या ग्रंथालयात त्या विषयाचे एकही मराठी पुस्तक नाही. मी कपाटे तपासूनच हे विधान करीत आहे.

राणीविषयी आणखी एक गोष्ट. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतील यज्ञाची वार्ता ऐकून. म्हणजे त्या प्रवासाचे मूळही ग्वाल्हेरच्याच दरबारात आहे. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात झाशीच्या बाईसाहेबांच्या दिनक्रमाचे वर्णन येते. पहाटे उठून मल्लखांब, मग घोड्याची रपेट, त्यानंतर स्नान आणि पूजा. एका कोकणस्थ भिक्षुकाने हे सारे कौतुकाने आणि निःसंकोचपणे टिपले आहे. स्त्रीच्या व्यायामाचे वर्णन करताना त्याची लेखणी अडखळत नाही. मग त्यानंतर दीडशे वर्षांनी, शिकल्यासवरल्या घरात, आपली जीभ का अडखळते?

आता घरचे कारण. माझ्या धाकट्या भावाची मुलगी पंधराशे आणि पाच हजार मीटर धावत असे. तिच्या अनुमतीने ही हकीकत सांगतो आहे. तिचे नाव मात्र घेत नाही. ती विद्यापीठाच्या संघात निवडली गेली तेव्हा पेढे वाटणारा मीच होतो. सरावाला नेणे, घड्याळ लावून वेळ मोजणे ही कामे मी हौसेने अंगावर घेतली होती. तिच्या मार्गदर्शकांचे एक वाक्य घरात मंत्रासारखे म्हटले जाई : "वजन उतरले की वेळ उतरतो." मी घरी वजनकाटा आणला. दर रविवारी आकडा लिहू लागलो. आकडा खाली आला की शाबासकी देत होतो. पोळ्या चाराच्या दोन झाल्या, भात बंद झाला, तूप तर कधीच गेले होते. पहिले सहा महिने वेळ खरोखरच उतरला. पुढे तो उतरेना, उलट चढू लागला. मुलगी चिडखोर झाली, थंडीने कुडकुडू लागली, सर्दी-पडसे हटेना. आम्ही म्हणालो, परीक्षेचा ताण असेल.

नडगी दुखू लागली तेव्हा स्नायू ताणला असेल म्हणून वेदनाशामक गोळ्या दिल्या गेल्या. त्या घेऊन ती आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरली, आणि तिसऱ्या फेरीच्या वळणावर खाली बसली. क्ष-किरण चित्रात नडगीच्या हाडाला तडा दिसला. तो एका दिवसाचा नव्हता. अनेक आठवडे हळूहळू वाढत आला होता. ज्या डॉक्टरबाईंकडे आम्ही गेलो त्यांनी पायाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, "बाळ, शेवटची पाळी कधी आली होती?" मुलगी खाली पाहून म्हणाली, "चौदा महिने झाले."

चौदा महिने! हे तिच्या आईला ठाऊक होते. माझ्या आईलाही ठाऊक होते. "दगदग आहे, येईल आपोआप," असे ती म्हणाली होती. मैत्रिणींना ठाऊक होते. त्यांच्या दृष्टीने ती 'सुटली' होती. ठाऊक नव्हते ते फक्त मला, तिच्या वजनाचा दर आठवड्याचा हिशेब ठेवणाऱ्याला. आणि श्रोतेहो, तो प्रश्न कानी पडताच मी काय केले? मी उठून खोलीबाहेर गेलो. कोणी सांगितले नव्हते. लाज वाटली असेही नाही. सवयीने गेलो.

त्या दिवसापासून मी वाचू लागलो. माझ्यासारख्या साहित्याच्या माणसाला जेवढे उमगले, तेवढेच आज आपल्यापुढे मांडतो.

सुरुवात इतिहासापासून करू. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये एकही स्त्री नव्हती. १९०० साली पॅरिसला पहिल्यांदा स्त्रिया उतरल्या. १९२८ साली ॲमस्टरडॅमला त्यांच्यासाठी ८०० मीटरची शर्यत ठेवण्यात आली. जर्मनीची लिना राडके जिंकली आणि जपानची हितोमी किनुए दुसरी आली. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. पण वृत्तपत्रांनी छापले, की बायका धडाधड कोसळल्या. शर्यत संपल्यावर धावपटू दमून बसतोच. पुरुष बसला तर तो पराक्रम, स्त्री बसली तर तो पुरावा! परिणाम असा झाला, की ही शर्यत ऑलिम्पिकमधून काढली गेली आणि १९६० साली रोमला परत आली. बत्तीस वर्षे! स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ साली लॉस एंजेलिसला प्रथम झाली. तात्पर्य, स्त्रीच्या शरीराविषयी जे 'ज्ञान' म्हणून मिरवले गेले त्याचा मोठा भाग ज्ञान नव्हताच. ती ऐकीव गोष्ट होती.

खुद्द शास्त्राचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. व्यायामाचे शरीरावर होणारे परिणाम तपासणारे प्रयोग मुख्यतः तरुण पुरुषांवर होत. कारण असे दिले जाई, की स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके महिन्याभरात चढतात-उतरतात, त्यामुळे निष्कर्ष 'गढूळ' होतात. औषधांच्या बाबतीत तर अमेरिकेने १९७७ मध्ये, मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना प्राथमिक चाचण्यांतून वगळावे, असे मार्गदर्शक तत्त्वच केले. सरकारी पैशाने होणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश झालाच पाहिजे, असा कायदा तेथे १९९३ साली झाला. तरीही २०१४ मध्ये काही संशोधकांनी क्रीडावैद्यकाची तीन वर्षांची नियतकालिके चाळली तेव्हा चौदाशेच्या आसपास निबंधांत स्त्रियांचे प्रमाण ३९ टक्के निघाले. २०२१ मध्ये अशीच दुसरी मोजणी झाली. पाच हजारांहून अधिक निबंध तपासले गेले. स्त्रियांचे प्रमाण ३४ टक्के, आणि केवळ स्त्रियांवर केलेले अभ्यास अवघे ६ टक्के. ज्या गुणधर्मामुळे स्त्रीचा अभ्यास आवश्यक ठरतो, त्याच गुणधर्माचे निमित्त करून तिला अभ्यासातून वगळायचे, असा हा न्याय होता.

ही परिस्थिती बदलू लागली ती काही चिकाटीच्या संशोधकांमुळे, आणि त्यांत स्त्रिया अग्रभागी होत्या. १९८४ साली बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी बंद झालेल्या खेळाडूंची आणि पाळी नियमित असलेल्या खेळाडूंची हाडे मोजून पाहिली. पहिल्या गटातील मुलींचे सरासरी वय पंचविशीच्या आसपास होते, पण त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीइतकी निघाली. हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या घरातील मुलीची नडगी मला आठवत होती.

असे का व्हावे? त्याचे उत्तर ॲन लाउक्स या संशोधिकेच्या प्रयोगांतून मिळाले. ते घरखर्चाच्या भाषेत सांगतो. शरीराला रोज जेवणातून काही मिळकत होते. त्यातून व्यायामाचा खर्च आधी वजा होतो, कारण धावणाऱ्या पायांची उधारी चालत नाही. जे उरते त्यावर शरीराचा बाकीचा प्रपंच चालतो : हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, रोगाशी झुंज, हाडांची डागडुजी आणि पाळीचे चक्र. या शिलकेला शास्त्रज्ञ 'उपलब्ध ऊर्जा' म्हणतात आणि चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे ती मोजतात. रोज दर किलोला ४५ कॅलरीच्या आसपास शिल्लक राहिली तर प्रपंच सुखाने चालतो. ती ३० च्या खाली गेली, की अवघ्या पाच दिवसांत मेंदूकडून बीजकोशांना जाणाऱ्या संदेशांची लय बिघडते, हे लाउक्स यांनी स्वयंसेवक तरुणींवर प्रयोग करून दाखवून दिले. तीस हा आकडा सर्वांना सारखा लागू पडणारी लक्ष्मणरेषा नाही, हेही नंतर लक्षात आले. कुणाचे चक्र आधी थांबते, कुणाचे उशिरा. पण दिशा तीच.

एक उदाहरण मांडून पाहू. मुलीचे वजन ५२ किलो आणि चरबी वगळून ४२ किलो आहे असे धरा. ती दिवसाला १८०० कॅलरीचे अन्न खाते आणि सरावात ७०० खर्च करते. उरल्या ११००. बेचाळिसाने भागा : दर किलोला २६. बाहेरून पाहणारा म्हणेल, व्यवस्थित जेवते की! पण हिशेबात ती रोज तोट्यात आहे. तिला निरोगी शिल्लक हवी असेल तर अडीच हजारांहून अधिक कॅलरीचे अन्न पोटात जायला हवे. मी वजनकाट्यावर जो 'फायदा' टिपून ठेवीत होतो, तो खरे पाहता हा तोटा होता.

घरात पैसा कमी पडला, की गृहिणी आधी सणवार आवरते आणि चूल पेटती ठेवते. शरीरही असेच शहाणे आहे. मूल धारण करण्याची सोय ही तूर्त न परवडणारी चैन समजून ते पाळी थांबवते. पाळी थांबणे म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटणे, आणि इस्ट्रोजेन हे तर हाडांचे राखणदार. ते नसले, की हाड झिजते अधिक आणि भरते कमी. आयुष्यभर पुरायची हाडांची पुंजी मुख्यतः विशीपर्यंतच जमते. नेमक्या त्याच वर्षांत आपण मुलीला सांगतो, "वजन उतरव." म्हणून पाळी बंद होणे ही सुटका नाही; ती शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा आहे. एवढे एक वाक्य आजच्या सभेतून घरी नेलेत तरी माझे व्याख्यान सार्थकी लागले असे मी मानीन.

अपुरे पोषण, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडे, या तिहींचे नाते १९९२ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी एका नावाखाली बांधले. स्त्री-खेळाडूंचे 'त्रिकूट' असे त्याला म्हणता येईल. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी ही कल्पना विस्तारली. ऊर्जेच्या तुटवड्याचा परिणाम हृदय, पचन, रोगप्रतिकार, मन आणि खुद्द खेळातील कामगिरी यांवरही होतो, आणि पुरुष खेळाडूही त्यातून सुटत नाहीत, असे त्यांनी मांडले. २०२३ मध्ये त्या मांडणीत नव्या पुराव्यांची भर पडली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कामात हाडांचे तज्ज्ञ, संप्रेरकांचे अभ्यासक, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि संघांचे डॉक्टर एकत्र बसले होते. हाडांच्या डॉक्टरला फक्त तडा दिसतो, स्त्रीरोगतज्ज्ञाला फक्त थांबलेली पाळी दिसते, प्रशिक्षकाला फक्त घसरलेला वेळ दिसतो आणि आईला फक्त ताटातला उरलेला भात दिसतो. चौघे एकत्र आले तरच रोग दिसतो. सहकार्य हा शब्द आपण सभांमध्ये शोभेसाठी वापरतो. येथे मात्र निदानच त्याच्यावाचून होत नाही.

आपल्या देशाकडे वळू. १९८४ साली मी शाळेत होतो. लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, ही बातमी ऐकून आमच्या वाड्यात सुतक पडल्यासारखे झाले होते. अनेक वर्षांनी उषाने स्वतः सांगितले, की तेथे मानवेल असे अन्न मिळाले नाही, तांदळाची पेज आणि लोणचे यांवर दिवस काढावे लागले, आणि शेवटच्या पस्तीस मीटरमध्ये त्याचा परिणाम जाणवला. पेज-लोणचे आणि सेकंदाचा शंभरावा भाग! त्यानंतर वैयक्तिक धावण्याच्या शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री पुन्हा दिसायला २०१६ उजाडले. ती सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये. म्हणजे पुन्हा बत्तीसच वर्षे. नाशिकजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. या मुली कोणत्या परिस्थितीतून आल्या ते आपण जाणतो. त्यांच्या यशाचे श्रेय त्यांच्या जिद्दीला आहे. पण जिद्दीने हाडात चुना भरत नाही आणि रक्तात लोह येत नाही.

लोहाचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५९ टक्के आहे. मैदानावर उतरणारी मुलगी याच मुलींमधून येते. रक्तातील लोह कमी म्हणजे स्नायूंना पोचणारा प्राणवायू कमी. "हिच्यात दम नाही," असे जिच्याविषयी आपण म्हणतो, तिच्या रक्ताची साधी तपासणी कितीदा झालेली असते? पाश्चात्त्य देशांतील निष्कर्ष आपल्या मुलींना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, ते याचसाठी. तेथील मुलगी भरल्या ताटावरून उठते; इथल्या कित्येकींचे ताट मुळातच अर्धे असते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, पतियाळाची क्रीडा संस्था आणि आपल्या ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था यांनी मिळून आपल्या मुलींचा, आपल्या अन्नावर, आपल्या उन्हात अभ्यास करायला हवा.

संशोधन म्हटले, की महागडी यंत्रे डोळ्यांसमोर येतात. ते नेहमीच खरे नसते. गुडघ्याचे उदाहरण घ्या. उड्या मारणे, झटकन थांबणे, वळणे असलेल्या खेळांत गुडघ्याच्या आतील एक महत्त्वाचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आढळते. आपला खो-खो आठवा : खांबाला वळसा, सूर, पुन्हा वळण. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी तो जिंकला, तेव्हा आपला ऊर भरून आला; पण त्या गुडघ्यांचा विचार कितीजणांच्या मनात आला? स्वीडनमधील संशोधकांनी २३० फुटबॉल क्लबांतील १२ ते १७ वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलींचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या क्लबांनी सरावाआधी पंधरा मिनिटे, आठवड्यातून दोनदा, सहा साधे व्यायाम केले. एका पायावर तोल सांभाळत गुडघा वाकवणे, उडीनंतर गुडघा आत न झुकू देता उतरणे, अशा स्वरूपाचे ते होते. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : त्या गटात हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले. खर्च किती? पंधरा मिनिटे. आपल्या शाळेच्या मैदानावर हे उद्यापासून करता येईल.

अर्थात, नव्या ज्ञानाबरोबर नवे भ्रमही येतात. पाळीच्या अमुक दिवशी अमुकच व्यायाम करावा, असे ठाम सल्ले हल्ली सर्रास मिळतात. २०२० मध्ये ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. पाळीच्या पहिल्या दिवसांत कामगिरी सरासरीने अगदी नाममात्र घटते, व्यक्तीव्यक्तींत फरक फार आहे, आणि मुळातले बरेच अभ्यासच कच्चे आहेत, असे त्यातून निघाले. म्हणून सर्वांसाठी एक नियम नाही. प्रत्येकीने आपली नोंद ठेवावी आणि आपले शरीर ओळखावे, हाच त्याचा इत्यर्थ. "पाळीत खेळूच नये" ही जुनी रूढी जशी निराधार, तसा "पाळीने काहीच होत नाही" हा नवा बडेजावही निराधार. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारोत्तोलनात मीराबाई चानूचे पदक एका किलोने हुकले. पाळीचा तिसरा दिवस होता, थोडा अशक्तपणा होता, असे तिने सर्वांसमोर सहजपणे सांगितले. ती सबब सांगत नव्हती. वारा उलटा होता, हे खेळाडू जितक्या सहज सांगतो तितक्याच सहज ती बोलली. मला पदकाइतकेच ते वाक्य मोलाचे वाटते.

मातृत्वाचेही तसेच. मूल झाले की खेळ संपला, असे मानणाऱ्यांनी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिककडे पाहावे. तीस वर्षांच्या, दोन मुलांची आई असलेल्या नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कून यांनी तेथे चार सुवर्णपदके जिंकली. आपली मेरी कोम २००७ साली जुळ्यांची आई झाली, २००८ साली पुन्हा विश्वविजेती ठरली आणि २०१२ साली तिने ऑलिम्पिक पदक आणले. पण अपवादात्मक स्त्रियांच्या भरवशावर धोरण चालत नाही. प्रसूतीनंतर सरावाकडे परत कसे यावे, केव्हा यावे, हे साध्या खेळाडूला सांगणारे कोणीतरी हवे.

आता माझ्या क्षेत्राकडे येतो. या साऱ्यात भाषेच्या अध्यापकाचे काम काय? मला वाटते, ते बरेच आहे. आपण पाळीला काय म्हणतो ते पाहा : 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'दूर बसली', 'अडचण आहे'. एकाही शब्दप्रयोगात शरीर नाही. आहे तो स्पर्श, अंतर आणि अडथळा. विटाळाचे आचार बहुतेक घरांतून गेले, पण विटाळाची भाषा मागे राहिली. संशोधक प्रश्नावली घेऊन मुलींपुढे जातो तेव्हा त्याला उत्तर मिळत नाही. तिच्याजवळ अनुभव असतो, पण परक्या माणसासमोर उच्चारता येईल असा शब्द नसतो. जे बोलता येत नाही ते नोंदवता येत नाही आणि जे नोंदवले जात नाही त्याचे संशोधन होत नाही. ३४ आणि ६ टक्क्यांच्या त्या आकड्यांमागे प्रयोगशाळांची उदासीनता जशी आहे, तसेच घराघरांतले मौनही आहे.

असे बोलण्याची परंपरा मराठीला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवले. खटले सोसले, नोकरी गमावली, उपहास झेलला. पण शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिणे सोडले नाही. आपले ग्रंथालयही त्याच पिढीचे अपत्य आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी या नगरीत मराठी पुस्तकांचे कपाट उभे केले, त्यांनी ते केवळ करमणुकीसाठी केले नसणार. परप्रांतात आपल्या लेकीसुनांना आपल्या भाषेत ज्ञान मिळावे, हीही त्यांची तळमळ असणार.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने तीन लहान सूचना करतो. पहिली : या विषयावर मराठीत आणि हिंदीत, तीस-चाळीस पानांची एक सोपी पुस्तिका ग्रंथालयाने काढावी. मजकूर डॉक्टरांनी आणि शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी तपासावा. भाषा सोपी करण्याचे काम मी आणि माझे विद्यार्थी विनामूल्य करू. दुसरी : महिन्यातून एक सायंकाळ ग्रंथालयाचे दालन खेळणाऱ्या मुली, त्यांच्या आया आणि त्यांचे प्रशिक्षक यांच्यासाठी खुले ठेवावे. प्रशिक्षक बहुधा पुरुष असतात, त्यांनाही बोलवावे. तिसरी सूचना वडिलांना आणि काकांना आहे : वजनकाट्याशेजारी एक वही ठेवा. त्यात पाळीची तारीख, झोप, दुखणे आणि जेवण यांची नोंद मुलीने स्वतः करावी. वही तिची; ती कोणाला दाखवायची हे तीच ठरवील. तीन महिने पाळी आली नाही, तर सराव किती झाला हे विचारू नका, डॉक्टरांकडे न्या.

माझी पुतणी पुन्हा धावू लागली, पण त्या वेळांना कधी पोचली नाही. तिच्या उमेदीची दोन वर्षे गेली, ती कोणी परत देऊ शकत नाही. आता ती एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि तिच्या संघातील प्रत्येक मुलीजवळ अशी वही आहे. या व्याख्यानाचा कच्चा मसुदा मी तिला वाचून दाखवला. एक-दोन ठिकाणी तिने माझे शास्त्र सुधारले. मग म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही खोलीबाहेर का गेलात, हे मला तेव्हाच विचारायचे होते. मला वाटले, तुम्ही माझ्यावर रागावलात." मला उत्तर देता आले नाही. आज आपल्यापुढे उभा राहून मी जे बोललो, तेच माझे उत्तर समजावे, असे मी तिला सांगितले आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे.